मनाचा रोग आणि उंदराची साक्ष

शरीरास झालेला रोग बहुधा लपत नाहीं. ताप आला तर अंग तापतें, हाड मोडलें तर हात लावतां कळतें, रक्त कमी झालें तर डोळ्याच्या पापणीची आंतली कड पांढरी पडते. मनास झालेल्या रोगाचें तसें नाहीं. तो हाताला लागत नाहीं व डोळ्याला दिसत नाहीं. म्हणूनच त्याविषयीं जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कोणत्याहि रोगाविषयीं क्वचितच असतील. अशा रोग्यास कोणी वेडा म्हणतात, कोणी झपाटलेला म्हणतात, कोणी त्याच्या दुखण्यास करणीचें फळ मानितात, तर कोणी त्याच्या आईबापांच्या माथीं सारा दोष मारितात. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीं देवऋषी, मांत्रिक आणि नवस यांत महिने व कधीं वर्षें निघून जातात; आणि ज्या काळांत उपचारांचा सर्वांत अधिक उपयोग व्हावयाचा तोच काळ हातचा जातो.

अशा रोगांपैकीं एका रोगाची, आणि त्यावर औषध शोधणारे शास्त्रज्ञ उंदरांच्या साहाय्यानें त्या औषधाची परीक्षा कशी करितात याची, थोडक्यांत माहिती द्यावी असा आमचा हेतु आहे. विषय थोडा कठीण आहे. परंतु शास्त्राच्या तासाला लक्ष देणाऱ्या विद्यार्थ्यास तो समजण्यासारखा आहे, आणि ज्यांच्या घरीं वाढत्या वयाचीं मुलें आहेत अशा पालकांस तो समजणें अगत्याचें आहे.

ह्या रोगाचें नांव स्किझोफ्रेनिया. मराठींत त्यास छिन्नमनस्कता असें म्हणतात. हें नांव स्वित्झर्लंडांतील डॉक्टर ऑइगेन ब्लॉइलर यांनीं १९०८ सालीं योजिलें. नांवावरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, रोग्याच्या एकाच देहांत दोन निरनिराळीं माणसें वास करितात. हा समज अगदीं खोटा आहे. विचार, भावना आणि वर्तन यांची जी गांठ निरोगी मनांत घट्ट बसलेली असते ती ह्या रोगांत सैल होते, एवढाच त्या नांवाचा आशय.

रोगाचीं लक्षणें तीन गटांत मोडतात. पहिल्या गटांत, नसलेल्या गोष्टी उत्पन्न होतात. जवळ कोणी नसतां बोलणें ऐकूं येतें. शेजारीपाजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत, आपले विचार दुसऱ्यांस ऐकूं जात आहेत, असें वाटूं लागतें. आणि कोणीं कितीहि समजाविलें तरी तें वाटणें जात नाहीं. दुसऱ्या गटांत, असलेल्या गोष्टी नाहींशा होतात. बोलणें तुटक होतें, चेहऱ्यावरील भाव मावळतात, मित्रांत जाण्याची, काम करण्याची, अंग स्वच्छ ठेवण्याची इच्छा उरत नाहीं. घरचीं माणसें ह्यास आळस किंवा माज समजून रागें भरतात; परंतु तो आळस नव्हे, तें दुखणें होय. तिसऱ्या गटांत अवधान, स्मरण आणि विचारांची जुळणी हीं मंदावतात. पूर्वीं हुशार असलेला मुलगा अकस्मात् अभ्यासांत मागें पडतो, वाचलेलें ध्यानांत ठेवूं शकत नाहीं.

ह्या रोगाची सुरुवात बहुधा सोळा-सतराव्या वर्षानंतर, तारुण्याच्या आरंभींच्या दहा-बारा वर्षांत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें २ कोटि ४० लक्ष लोकांस हा रोग आहे; म्हणजे दर तीनशें माणसांत सुमारें एक. तो कांहीं अंशीं आनुवंशिक आहे. परंतु एकच एक जनुक त्यास कारण नाहीं, आणि घराण्यांत रोग असला म्हणजे मुलास तो होणारच असेंहि नाहीं. गेल्या शतकाच्या मध्यास कांहीं पाश्चात्य डॉक्टरांनीं आईच्या थंड किंवा अतिजाचक वागण्यास ह्या रोगाचें कारण ठरविलें होतें. त्या मतानें असंख्य मातांस विनाकारण शरम भोगावी लागली. तें मत टिकलें नाहीं. हा रोग मेंदूचा आहे. मातेच्या संगोपनाचा नव्हे, भुताचा नव्हे, आणि पापाची शिक्षाहि नव्हे.

मेंदूचा रोग असेल तर त्यावर औषध असावयास पाहिजे, असें विद्यार्थी म्हणतील. औषधें आहेत, आणि त्यांच्या इतिहासांत आपल्या देशाचाहि वांटा आहे. सर्पगंधा ही वनस्पति आपल्याकडे फार पूर्वींपासून औषधांत वापरीत आले आहेत. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं, उन्माद आणि रक्ताचा वाढलेला दाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो असें प्रसिद्ध केलें. पुढें १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत तिच्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढण्यांत आलें. त्याच वर्षीं पॅरिस येथें झां डिले व पिएर डेनिकर ह्या डॉक्टरांनीं क्लोरप्रोमझिन नांवाचें औषध मनोरुग्णांस देण्यास आरंभ केला. आणि ज्यांस बांधून ठेवण्याखेरीज दुसरा उपाय ठाऊक नव्हता असे कितीएक रोगी शांत होऊन बोलूंचालूं लागले.

तथापि हीं औषधें मेंदूंत काय करितात हें प्रथम कोणासच माहीत नव्हतें. तें मुक्या प्राण्यांनीं सांगितलें. स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन यांनीं १९५७ सालीं सशांस रेसर्पिन दिलें, तेव्हां ससे निपचित पडले. मग ज्या द्रव्यापासून मेंदूंत डोपामिन तयार होतें तें द्रव्य त्यांस टोचलें, तेव्हां ते पुन्हां हिंडूंफिरूं लागले. १९६३ सालीं त्यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह उंदरांवर प्रयोग करून असें अनुमान काढिलें कीं, क्लोरप्रोमझिनसारखीं औषधें अशा द्रव्यांचा निरोप पुढील पेशीस पोंचूं देत नाहींत. ह्या संशोधनपरंपरेनें डोपामिनकडे सर्वांचें लक्ष लागलें. कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

डोपामिन म्हणजे काय हें एका दाखल्यानें समजेल. शाळेचा शिपाई तास बदलतांना घंटेवर ठोका देतो, आणि लगेच हात लावून तिचा नाद थांबवितो. ठोका स्पष्ट ऐकूं आला पाहिजे, आणि तितकाच तो वेळेवर थांबला पाहिजे. नाहीं तर पहिला ठोका कोणता व दुसरा कोणता हें कळेनासें होईल. मेंदूंतील एक पेशी दुसरीस निरोप देतांना डोपामिनचे कण मधल्या फटींत सोडते. तो झाला ठोका. निरोप पोंचल्यावर एक प्रथिन ते कण पुन्हां आंत ओढून घेतें. तो झाला शिपायाचा हात. ह्या प्रथिनास डोपामिनवाहक असें म्हणूं. स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांत मेंदूच्या कांहीं भागांत डोपामिनचा हा नाद प्रमाणाबाहेर वाढलेला असतो असें पुष्कळ पुराव्यांवरून दिसतें. जुनीं औषधें ऐकणाऱ्या पेशीच्या कानांत जणूं बोळा घालतात. त्यामुळें पहिल्या गटांतील भास व संशय पुष्कळ रोग्यांत कमी होतात. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांतील लक्षणांवर त्यांचा उपयोग थोडाच होतो. शिवाय कित्येकांस हातापायांचा ताठरपणा, कंप किंवा वजनाची वाढ सोसावी लागते. २०२४ सालीं अमेरिकेंत एक निराळ्या मार्गानें काम करणारें औषध मान्य झालें, तरी हा शोध संपलेला नाहीं. भास थांबले, पण मुलगा भिंतीकडे तोंड करून बसून राहिला, तर त्याची आई त्यास बरा झाला असें कसें म्हणेल?

ह्या उणीवेमुळें शास्त्रज्ञांचें लक्ष द्रव्यांच्या एका निराळ्याच वर्गाकडे गेलें. त्यांस न्यूरोस्टेरॉइड म्हणतात. कोलेस्टेरॉल हें नांव हृदयरोगाच्या संबंधांत आपण ऐकतों. त्याच कोलेस्टेरॉलपासून शरीर प्रथम प्रेग्नेनोलोन नांवाचें द्रव्य बनवितें, आणि त्यापासून पुढें इतर सर्व स्टेरॉइड संप्रेरकें बनतात. एका गुळापासून निरनिराळीं पक्वान्नें व्हावींत तसा हा प्रकार आहे. हीं द्रव्यें रक्तांतून जाऊन शरीराच्या वाढीवर व धारणेवर परिणाम करितात हें पूर्वींच ठाऊक होतें. त्यांचा मेंदूशीं संबंध असेल अशी कल्पना मात्र फारशी नव्हती.

पहिली सूचना १९४१ सालीं मिळाली. कॅनडांतील माँट्रियल येथें हान्स सेल्ये यांस असें आढळलें कीं, प्रयोगशाळेंतील मोठ्या उंदरांस प्रोजेस्टेरोन हें संप्रेरक पुष्कळ प्रमाणांत टोचलें असतां ते गुंगी येऊन पडतात. पुढें चाळीस वर्षांनीं, १९८१ सालीं, फ्रान्समधील एत्येन बोल्यू व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या मेंदूंतील अशा एका स्टेरॉइडाचें मोजमाप केलें. जेथें तें शरीरांत तयार होतें अशी समजूत होती त्या ग्रंथी काढून टाकल्यावरहि मेंदूंतील त्याचें प्रमाण टिकून राहिलें. ह्याचा अर्थ असा कीं, मेंदू तें स्वतःच तयार करीत असला पाहिजे. म्हणून त्यांनीं त्यांस न्यूरोस्टेरॉइड असें नांव दिलें. १९८६ सालीं दिसून आलें कीं, प्रोजेस्टेरोनपासून होणारें असें एक द्रव्य मेंदूस आवर घालणाऱ्या यंत्रणेस बळ देतें. न्यूरोस्टेरॉइडांची आशा केवळ पुस्तकी नव्हती, हेंहि पुढें सिद्ध झालें. कारण २०१९ सालीं अमेरिकेंत ह्याच द्रव्याचें औषध बाळंतपणानंतर येणाऱ्या तीव्र विषण्णतेवर मान्य करण्यांत आलें.

मूळ प्रेग्नेनोलोन हें माणसास नवीन नव्हतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेंत विमानचालक व कारखान्यांतील कामगार यांचा थकवा त्यानें कमी होतो काय, हें पाहण्यांत आलें होतें. स्किझोफ्रेनियाशीं त्याचा संबंध जोडण्यास एक निराळेंच कारण घडलें. इतर औषधांनीं गुण न आलेल्या रोग्यांस क्लोझापिन हें औषध देतात आणि त्यांपैकीं कित्येकांस त्यानें गुण येतो. २००६ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, क्लोझापिन दिल्यावर उंदरांच्या मेंदूंत व रक्तांत प्रेग्नेनोलोनचें प्रमाण पुष्कळ वाढतें. तेव्हां सहजच प्रश्न उभा राहिला: क्लोझापिनचा गुण कांहीं अंशीं ह्या प्रेग्नेनोलोनमुळें तर नसेल? आणि तसें असेल, तर प्रेग्नेनोलोनच दिलें तर काय होईल?

येथें मुख्य अडचण येते. अशा औषधाची परीक्षा उंदरावर करावयाची कशी? उंदरास ताप आणतां येतो, त्याचें रक्त तपासतां येतें. परंतु त्यास भास होतात काय, हें कोण विचारणार? उंदीर बोलत नाहीं. स्किझोफ्रेनिया झालेला उंदीर असा कोठेंहि नाहीं, आणि असूं शकेल असें कोणी शहाणा शास्त्रज्ञ म्हणतहि नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं मोठा प्रश्न टाकून लहान प्रश्न हातीं घेतला. संपूर्ण रोग उंदरांत उत्पन्न होत नसेल, तर रोगाचा एकादा लहान अंश, जो माणसांत व उंदरांत सारख्याच रीतीनें मोजतां येईल, तो उत्पन्न करावा आणि औषधानें तेवढा अंश सुधारतो काय तें पाहावें. अशा प्राण्यास रोगाचा नमुना म्हणतात. शाळेंतील पृथ्वीचा गोल ही पृथ्वी नव्हे. तरी त्यावरून दिशा व अंतरें शिकतां येतात. तसेंच हें आहे.

असा एक नमुना १९९६ सालीं ब्रुनो गिरॉस, मार्क कॅरॉन व त्यांचे सहकारी यांनीं तयार केला. त्यांनीं लहान जातीच्या उंदरांत डोपामिनवाहक तयार करणारें जनुक बंद पाडलें. म्हणजे घंटा थांबविणारा शिपायाचा हातच काढून घेतला. अशा उंदरांच्या मेंदूंत डोपामिन पेशींबाहेर निदान शंभरपट अधिक वेळ रेंगाळत राहतें. हे उंदीर जन्मापासून अस्वस्थ असतात आणि नव्या जागीं सोडले तर थांबल्यावांचून धांवत राहतात.

त्यांची परीक्षा घेण्याच्या रीति मोठ्या मनोरंजक आहेत. पहिली रीत धांवण्याची. रिकाम्या पेटींत उंदीर सोडतात. पेटीच्या भिंतींतून प्रकाशाचे अदृश्य किरण आडवे गेलेले असतात. उंदीर जितक्या वेळां किरण तोडील तितकी त्याची धांवपळ यंत्र आपोआप नोंदवितें.

दुसरी रीत दचकण्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. पाठीमागें अकस्मात् मोठा आवाज झाला तर आपण दचकतों. परंतु त्या आवाजाच्या सुमारें दशांश सेकंद आधीं एक हलका आवाज झाला, तर मेंदू जणूं सावध होऊन पुढील धक्का सौम्य करून घेतो आणि आपण कमी दचकतों. निरोगी मेंदूचें हें द्वारपालाचें काम होय. निरर्थक गलक्यांतून कोणास आंत सोडावें आणि कोणास बाहेर ठेवावें हें तो ठरवितो. स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांत हा द्वारपाल शिथिल असतो असें १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. माणसांत पापणीची उघडझांप मोजून हें समजतें; उंदरांत, तो ज्या फळीवर उभा असतो तिला बसलेला हिसका मोजून समजतें. एकच प्रश्न माणसासहि विचारतां येतो आणि उंदरासहि, हें ह्या परीक्षेचें खरें मोल आहे. डोपामिनवाहक नसलेल्या उंदरांतहि हा द्वारपाल शिथिल असतो.

तिसरी रीत स्मरणाची. उंदरापुढें दोन सारख्या वस्तु ठेवितात व त्यास त्या हुंगूं देतात. कांहीं वेळानें त्यांपैकीं एक वस्तु बदलून नवी ठेवितात. निरोगी उंदीर नव्या वस्तूपाशीं अधिक वेळ घालवितो. कारण जुनी त्याच्या ओळखीची झालेली असते. ज्याचें स्मरण दुर्बळ आहे त्यास दोन्ही सारख्याच. याशिवाय अनोळखी उंदरापाशीं तो जातो काय, यावरून त्याची सोबतीची आवडहि पाहतां येते.

आतां मुख्य प्रयोगाकडे वळूं. २०१२ सालीं ड्यूक विद्यापीठांतील व सिंगापूर येथील संशोधकांनीं डोपामिनवाहक नसलेल्या उंदरांस प्रेग्नेनोलोन देऊन काय होतें तें प्रसिद्ध केलें. औषध दिल्यावर त्या उंदरांची अनावर धांवपळ कमी झाली. द्वारपालाचें काम सुधारलें. बुद्धि व स्मरण यांच्या परीक्षेंतहि सुधारणा दिसली. औषधाची मात्रा वाढविली तसा गुणहि वाढला. ही शेवटची गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. कारण मात्रेबरोबर परिणाम वाढत गेला म्हणजे तो केवळ योगायोग असण्याचा संभव कमी होतो.

येथें चौकस विद्यार्थी एक शंका काढील, आणि ती त्यानें काढावीच. सेल्ये यांचे उंदीर तर अशाच वर्गांतील द्रव्यानें गुंगी येऊन पडले होते. मग हे उंदीरहि केवळ गुंगल्यामुळें धांवेनासे झाले नसतील कशावरून? झोपलेला मुलगा दंगा करीत नाहीं, म्हणून तो सुधारला असें म्हणतां येत नाहीं. नेमक्या ह्याच कारणास्तव एक परीक्षा पुरत नाहीं. गुंगीनें धांवणें कमी होईल हें खरें. परंतु गुंगलेला उंदीर स्मरणाच्या परीक्षेंत अधिक चांगला कसा उतरेल? तीन निरनिराळ्या साक्षीदारांनीं स्वतंत्रपणें एकच गोष्ट सांगितली, तर न्यायाधीश ती अधिक विश्वासानें मानितो. याशिवाय तुलनेसाठीं निरोगी उंदीर असावे लागतात, आणि औषधाऐवजीं नुसतें औषधाचें पाणी टोचलेले उंदीरहि असावे लागतात; कारण टोचल्यानेंच प्राण्याची वागणूक बदलूं शकते. ज्या प्रयोगांत अशी काळजी घेतलेली नसते त्याच्या निकालावर विसंबूं नये.

तर मग औषध सांपडलें काय? वर्तमानपत्रांत एवढ्यावरूनच मोठे मथळे झळकतात. आम्ही मात्र वाचकांस थोडें थांबण्याची विनंति करितों. उंदरानें आपली साक्ष प्रामाणिकपणें दिली; पण ती किती गोष्टींची होती, हें पाहिलें पाहिजे. त्या उंदरांत एक प्रथिन जन्मापासून अजिबात नव्हतें. स्किझोफ्रेनियाच्या रोग्याचें तसें नसतें; त्याच्या रोगांत अनेक जनुकें, मेंदूची वाढ आणि आयुष्यांतील आपत्ति यांची गुंतागुंत असते. उंदीर कोणाचा आवाज ऐकून घाबरला नव्हता. आपल्यावर विष घालतील ह्या भीतीनें त्यानें ताट दूर लोटलें नव्हतें, किंवा मित्र तुटल्याचें दुःख त्यानें भोगलें नव्हतें. जें त्यानें भोगलेंच नाहीं त्याविषयीं त्याची साक्ष कशी चालेल?

म्हणून शेवटचा निकाल माणसांवरील परीक्षेनेंच लागतो. ती परीक्षाहि झाली आहे. २००९ सालीं ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनीं २१ रोग्यांवर केलेला आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोग्यांचें नेहमींचें औषध चालूच ठेवून कांहींस प्रेग्नेनोलोन व कांहींस तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यांत आली होती. ज्यांस प्रेग्नेनोलोन मिळालें त्यांच्यांतील दुसऱ्या गटाचीं लक्षणें, म्हणजे मुकेपणा व निरिच्छता, अधिक कमी झालीं. परंतु २१ ही संख्या फारच लहान. पुढें सिंगापूर येथें शंभराहून अधिक रोग्यांवर तसाच आठ आठवड्यांचा मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल मिश्र निघाला. पैशांचा हिशेब करणें, टेलिफोनवरून काम उरकणें अशीं नित्याचीं कामें करण्याची पात्रता प्रेग्नेनोलोन घेणाऱ्यांत सुधारली. परंतु अवधान, स्मरण इत्यादींच्या परीक्षेंत तशी सुधारणा दिसली नाहीं. उंदराच्या स्मरणानें जी आशा दाखविली ती आठ आठवड्यांत माणसाच्या स्मरणांत उतरली नाहीं.

प्रेग्नेनोलोन हें स्किझोफ्रेनियाचें मान्य औषध झालेलें नाहीं, हें आम्हीं स्पष्ट सांगणें आवश्यक आहे. परदेशांत तें पूरक आहार म्हणून दुकानांत मिळतें. परंतु ज्या द्रव्यापासून शरीरांतील इतर सर्व स्टेरॉइड संप्रेरकें बनतात, तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेणें म्हणजे घड्याळाचें झांकण उघडून आंत बोट घालण्यासारखें आहे. तसेंच, चालू असलेलें औषध सोडून अशा बातमीच्या मागें लागणें हें त्याहून घातुक होय.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? नाहीं. द्वारपालाची परीक्षा, डोपामिनचा नाद, मेंदूनें स्वतः बनविलेलीं द्रव्यें, हीं सारीं उंदरांच्या व सशांच्या साक्षीनें कळलीं. एक औषध पूर्ण यशस्वी झालें नाहीं तरी पुढच्या औषधाचा प्रश्न अधिक नेमका विचारतां येतो. शास्त्राची वाट अशीच आहे.

कित्येक कोमल मनाच्या विद्यार्थ्यांस असें वाटेल कीं, मुक्या प्राण्यांस असें वापरणें बरें काय? ही शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. विल्यम रसेल व रेक्स बर्च ह्या दोन इंग्रज लेखकांनीं १९५९ सालीं तीन नियम मांडले, ते आज जगभर मानले जातात: जेथें प्राण्यावांचून काम भागेल तेथें प्राणी वापरूं नये, वापरावाच लागला तर कमींत कमी संख्येनें वापरावा, आणि त्यास होणारा त्रास होईल तितका हलका करावा. आपल्या देशांतहि १९६० च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यान्वयें ह्या प्रयोगांवर देखरेख ठेवण्यासाठीं समितीची योजना आहे. आमच्या मतें ह्या प्राण्यांचें आपल्यावर ऋण आहे. आणि प्रयोग निष्काळजीपणानें करणें किंवा त्याचा निकाल फुगवून सांगणें म्हणजे त्या ऋणास बुडविणें होय.

शेवटीं पालकांस दोन शब्द. पूर्ण गुण देणारें औषध अद्याप नाहीं, म्हणून निराश होण्याचें कारण नाहीं. लवकर उपचार सुरू झाले, औषध नेमानें चाललें आणि घरच्यांनीं धीर दिला, तर पुष्कळ रोगी शिकतात, नोकरी करितात, संसार करितात. घरांतील मुलगा किंवा मुलगी एकाएकीं एकलकोंडी झाली, झोप उडाली, अभ्यास सुटला, नसलेले आवाज ऐकूं येत असल्याचें सांगूं लागली, तर तिला रागावूं नका, लपवूं नका, बांधून तर मुळींच ठेवूं नका. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एर्वाडी येथें सांखळ्यांनीं जखडलेले २८ मनोरुग्ण आगींत जळून मेले; त्यांस धांवतां आलें नाहीं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें रोग्यास सांखळीनें बांधण्यास मनाई केली आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयांत मनोविकारांच्या डॉक्टरांकडे जावें. तें न जमल्यास टेली-मानस ह्या सरकारी सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

शुभवर्तमानांतील, थडग्यांमध्यें राहणाऱ्या व बेड्या तोडणाऱ्या त्या मनुष्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकलेली आहे. तो शुद्धीवर आला तेव्हां प्रभूनें त्यास त्याच्या घरच्या माणसांकडे परत पाठविलें, हें त्या हकीकतींतील लहानसें वाक्य पुष्कळांच्या नजरेंतून निसटतें. औषध प्रयोगशाळेंत तयार होतें, त्याची परीक्षा उंदरावर आणि मग माणसावर होते. परंतु बरा होत असलेल्या माणसास परत यावयाचें असतें तें घरींच. त्याची वर्गांतील जागा, त्याचे खेळगडी आणि त्याचें जेवणाचें ताट हीं त्याच्यासाठीं राखून ठेवणें हें काम कोणत्याहि औषधास करतां येणार नाहीं. तें आपण करावयाचें आहे.